‘टॉर्च निघालं’ म्हणजे नक्की काय निघालं?

दोन-तीनदा गर्भ पडलेल्या बाईच्या फायलीत एक कागद हमखास सापडतो. त्यावर चार जंतूंची नावं, प्रत्येकासमोर दोन-दोन आकडे आणि त्यातले काही ठळक टाइपात. टोक्सोप्लाझ्मा आयजीजी पॉझिटिव्ह, रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह, सीएमव्ही (सायटोमेगॅलो विषाणू) आयजीजी पॉझिटिव्ह. केसपेपरच्या कोपऱ्यात ‘बीओएच’, म्हणजे बॅड ऑब्स्टेट्रिक हिस्टरी. घरात बातमी पोचते ती एवढीच: “तिला टॉर्च निघालंय.” मग टोक्सोप्लाझ्मा मांजरामुळे पसरतो म्हणून दारातल्या मांजराला हाकललं जातं आणि गोळ्यांचा कोर्स सुरू होतो. पुढचे सहा महिने दिवस जाऊ द्यायचे नाहीत, असंही ठरतं.

या कागदाचा उगम पाहिला तर गंमत वाटते. ‘टॉर्च’ हे नाव १९७१ साली अमेरिकेतल्या आंद्रे नहमियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलं. टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पिस यांची आद्याक्षरं जोडून केलेला हा शब्द. मधला ‘ओ’ पुढे ‘इतर’ जंतूंसाठी वापरात आला. त्यांच्यासमोर होती आजारी जन्मलेली बाळं. या बाळाला आईच्या पोटात असताना कोणता संसर्ग झाला असेल, असा त्यांचा प्रश्न होता. ‘हिचे गर्भ वारंवार का पडतात?’ हा प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता. आपण मात्र त्यांचं उत्तर उचलून आपल्या प्रश्नाला चिकटवलं.

आयजीजी आणि आयजीएम ही जंतूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं. त्यातली आयजीजी ही जुनी नोंद असते. जंतू कधीतरी येऊन गेला, शरीरानं त्याला ओळखलं आणि ती ओळख जपून ठेवली, एवढंच ती सांगते. भारतातल्या बहुसंख्य प्रौढ स्त्रियांना सीएमव्ही लहानपणीच होऊन गेलेला असतो. शेजारच्या खाटेवर तिसऱ्या धडधाकट बाळाला पाजत बसलेल्या बाईचं रक्त तपासलं, तरी तिचीही आयजीजी पॉझिटिव्हच येण्याची शक्यता दांडगी. रुबेलाबाबत तर आयजीजी पॉझिटिव्ह असणं ही चांगली बातमी आहे. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली, ९ महिने ते १५ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी. तेव्हा शाळेच्या वर्गात दंड पुढे करून रांगेत उभ्या राहिलेल्या नववीतल्या मुली आता लग्नाच्या वयाला आल्यात. लशीनं आपलं काम केलं असेल तर त्यांच्या रिपोर्टवर रुबेला पॉझिटिव्हच दिसणार, आणि तो शब्द वाचून कुणीतरी रडणार.

साधा तर्क लावून पाहा. यातला एखादा जंतू गर्भारपणात पहिल्यांदाच शिरला तर त्या गर्भाला धोका असतो, यात वाद नाही. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्येच दाखवलं होतं, की आईला गर्भारपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला तर बाळ मोतीबिंदू घेऊन जन्मू शकतं. पण एकदा संसर्ग होऊन गेला की प्रतिकारशक्ती तयार होते. तोच जंतू दुसरा, तिसरा, चौथा गर्भ कसा पाडेल? वारंवार गर्भपात घडवायचा तर जंतूला शरीरात गुपचूप ठाण मांडून बसावं लागेल आणि दर वेळी गर्भापर्यंत पोचावं लागेल. टॉर्चमधले जंतू या कसोटीत बसत नाहीत. म्हणूनच ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं, की वारंवार गर्भपातासाठी सरसकट टॉर्च तपासणी बंद करावी.

“पण माझी आयजीएम पॉझिटिव्ह आहे,” असं कुणी म्हणेल. आयजीएम म्हणजे ताजा संसर्ग, असं शिकवलं जातं खरं. पण टोक्सोप्लाझ्माची आयजीएम वर्षभर, कधी त्याहूनही जास्त रेंगाळते. शिवाय हिशेब बघा. समजा, १००० बायका तपासल्या आणि त्यांतल्या दोघींनाच खरोखर ताजा संसर्ग आहे. चाचणी निरोगी माणसाला १०० पैकी ९७ वेळा बरोबर ‘निगेटिव्ह’ म्हणते असं धरलं, तरी तिसेक जणींचा रिपोर्ट उगाचच पॉझिटिव्ह येईल. बत्तीस घाबरलेल्या, त्यात खऱ्या दोन. म्हणून टोक्सोप्लाझ्माची आयजीएम पॉझिटिव्ह आली की आयजीजीची ॲव्हिडिटी, म्हणजे जंतूला घट्ट चिकटण्याची ताकद, तपासावी लागते. ती वरच्या पातळीची निघाली तर संसर्ग किमान तीन-चार महिन्यांपूर्वीचा.

टॉर्चच्या चाचण्या टाकाऊ नाहीत. गर्भारपणात ताप येऊन अंगावर पुरळ उठलं किंवा सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूत कॅल्शियमचे ठिपके दिसले, तर त्या करायलाच हव्यात. वेळ चुकते, हा माझा आक्षेप.

आता त्या कागदाच्या गर्दीत हरवणारी एक स्वस्त चाचणी: सिफिलिस या लैंगिक आजाराची व्हीडीआरएल. सिफिलिसचा जंतू बराच काळ काहीही त्रास न देता शरीरात राहतो आणि उपचार झाले नाहीत तर एकामागून एक गर्भांपर्यंत पोचू शकतो. म्हणजे वरच्या कसोटीत तो चपखल बसतो. त्यामुळे होणारं नुकसान बहुधा चौथ्या महिन्यानंतरचं, कधी मूल मृतच जन्मतं. उपाय मात्र जुनाच, बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन. नवऱ्यालाही तपासून उपचार द्यावे लागतात, आणि बऱ्याचदा गाडी तिथेच अडते.

याच चाचणीत एक वेगळीच गोष्ट दडलेली आहे. व्हीडीआरएलमध्ये सिफिलिसचा जंतू नसतोच. असतं कार्डिओलिपिन, गाईबैलांच्या हृदयातून मिळालेलं एक स्निग्ध द्रव्य. त्यामुळे कधी कधी सिफिलिस नसतानाही चाचणी पॉझिटिव्ह येते आणि सिफिलिसच्या जंतूसाठीची टीपीएचए निगेटिव्ह. याची कारणं बरीच आहेत, नुसतं गर्भारपणही त्यात येतं. पण गर्भ वारंवार पडत असतील तर इथे थांबून विचार करावा. तिच्या रक्तात स्वतःच्याच स्निग्ध द्रव्यांविरुद्धची प्रतिपिंडं असू शकतात. या आजाराला अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात. त्याच्या चाचण्या किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करतात. मग पुढच्या गर्भारपणात कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं देतात. संसर्ग शोधायला निघालेली चाचणी संसर्गच नसलेल्या, पण उपचार असलेल्या कारणाकडे बोट दाखवते.

बाकीचे संसर्ग प्रदेशानुसार. गडचिरोलीत राहणाऱ्या गर्भार बाईला ताप आला तर आधी मलेरियाची तपासणी हवी, कारण फाल्सिपॅरम या प्रकारच्या मलेरियाचे जंतू वारेत अडकून बसतात. लघवीची तपासणी तर प्रत्येकीचीच व्हावी.

आणि सुरुवातीच्या महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतल्या चुकीमुळे होतात. तिथे आईचं रक्त कितीही तपासलं तरी उत्तर मिळत नाही, ते पडलेल्या गर्भाच्या पेशींत असतं. गुणसूत्रांसाठी पेशी वाढवायच्या तर त्या जिवंत लागतात, म्हणून तो नमुना निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवायचा असतो. सवयीनं फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला की पेशी मरतात. क्युरेटिंगला (गर्भपिशवी साफ करायला) नेण्याआधी नातेवाइकांनी डॉक्टरांना बाटलीत काय आहे एवढं विचारलं, तरी कुणी रागावणार नाही.