विश्व गणिताच्या जाळीवर चालते का, आणि हे एआयला विचारावे कसे?

आपले विश्व म्हणजे कुठेतरी चाललेले एक प्रचंड गणित आहे, ही कल्पना पुण्याच्या महाविद्यालयीन मुलांमध्ये चांगलीच रुजली आहे आणि चॅटजीपीटीसारख्या साधनांनी तिला खतपाणी घातले आहे. संध्याकाळी अशा साधनाला कल्पना सांगितली, की रात्रीपर्यंत समीकरणांनी भरलेला, प्रबंधासारखा दिसणारा मजकूर हाती येतो. तो पारखायचा कसा, हा खरा प्रश्न आहे.

येथे दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ होते. तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रॉम यांनी २००३ मध्ये मांडलेला युक्तिवाद संभाव्यतेचा आहे: प्रगत संस्कृती संगणकावर हुबेहूब आभासी विश्व, म्हणजे सिम्युलेशन, चालवण्याची क्षमता येण्यापूर्वीच नष्ट होतात, किंवा त्यांना पूर्वजांची सिम्युलेशन्स चालवण्यात रस नसतो, किंवा आपण जवळजवळ निश्चितपणे सिम्युलेशनमध्ये आहोत. यात मोजण्याजोगे काहीच नाही. दुसरी कल्पना त्याहून जुनी आणि माझ्या मते अधिक कसदार आहे. १९४१ मध्ये झेड-३ हा संगणक उभारणारे जर्मन अभियंते कोनराड त्सूझ यांनी १९६९ मध्ये असे सुचवले, की अवकाश हीच लहान लहान घरांची जाळी असावी आणि प्रत्येक घर केवळ शेजाऱ्यांकडे पाहून आपली पुढची स्थिती ठरवत असावे.

शेजाऱ्यांकडे पाहून म्हणजे काय, ते वहीत करून पाहता येते. घरांची एक लांब ओळ काढा. मधल्या घरात १, बाकी सर्वत्र ०. पुढची ओळ लिहिताना घर आणि त्याचा उजवा शेजारी यांपैकी एकात जरी १ असला तरी त्या जोडीला १ धरायचे, नाहीतर ०. हा अंक डाव्या शेजाऱ्याच्या अंकाहून वेगळा असेल तर नव्या घरात १ आणि सारखा असेल तर ०. ओळी अशा येतात: १; १११; ११००१; ११०११११; ११००१०००१. स्टीफन वुल्फ्रॅम यांनी १९८०च्या दशकात अभ्यासलेला हा ‘नियम ३०’. नियम एवढासा, पण मधल्या स्तंभातील १, १, ०, १, १ हे अंक पुढे कधी ठरावीक क्रमाने फिरून येऊ लागतात का, याची सिद्धता अद्याप नाही. तिच्यासाठी वुल्फ्रॅम यांनी २०१९ मध्ये बक्षीसही जाहीर केले.

एआयचा उपयोग येथे खरोखर होतो. हा नियम चालवणारा पायथनमधील प्रोग्राम ते क्षणात लिहून देते आणि पहिल्या पाच ओळी हाताने ताडून पाहता येतात. मात्र ‘यावरून विश्व सिम्युलेशन आहे हे सिद्ध होते ना?’ असे विचारले, की तेच साधन बऱ्याचदा आपली री ओढू लागते. म्हणून त्याला समर्थन मागू नये. आपली कल्पना कोणत्या मोजमापाने खोटी ठरेल, हे विचारावे.

असे मोजमाप सुचवलेले आहे. प्रोटॉन ज्यांचे बनलेले असतात त्या क्वार्क कणांचे गणित करताना भौतिकशास्त्रज्ञ अवकाश आणि काळ यांची चौमितीय जाळी मानतात. विश्वच अशा घनाकृती जाळीवर चालत असेल तर काय दिसेल, हे सायलस बीन, झोहरे दावूदी आणि मार्टिन सॅव्हेज या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये तपासले. अंतराळातून पृथ्वीवर येणाऱ्या अतिशय ऊर्जावान कणांना, म्हणजे वैश्विक किरणांना, सर्व दिशा समान राहणार नाहीत, जाळीच्या अक्षांचा ठसा त्यांच्यावर उमटेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. या किरणांची संख्या सुमारे ५ गुणिले १० चा १९ वा घात इतक्या इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे ऊर्जेचे एकक) ऊर्जेनंतर झपाट्याने घटते. त्यावरून अशी जाळी असलीच, तर तिच्या घरांमधील अंतर प्रोटॉनच्या आकाराच्या साधारण एक लाख कोटीव्या हिश्श्याहून मोठे असू शकत नाही.

दुसरी कसोटी पुण्यातच पाहायला मिळते. आयुका या खगोलविज्ञान संस्थेत जवळजवळ तीन दशके काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ थाणू पद्मनाभन हे गुरुत्वाकर्षणाला अवकाशाच्या सूक्ष्म घटकांचे सामूहिक रूप मानत. विश्वाच्या सीमापृष्ठावरील आणि आतील अशा घटकांच्या संख्येतील फरकातून विस्तार घडतो, अशी मांडणी त्यांनी २०१२ मध्ये केली. तिच्यात संगणक नाही आणि तो चालवणारा कोणी नाही. परंतु विश्वविस्ताराचे परिचित फ्रीडमन समीकरण तिच्यातून निघते. एआयने रचून दिलेल्या ‘विश्वसिद्धान्ता’तून असे एखादे ज्ञात समीकरण निघते का, हे आधी पाहावे, बहुतेक वेळा ते मागच्या दाराने आधीच आत घातलेले सापडते.

आता वैश्विक किरणांच्या दिशांचेच पाहा. अर्जेंटिनातील सुमारे ३००० चौरस किलोमीटरवर पसरलेल्या पिएर ओझे वेधशाळेने २०१७ मध्ये जाहीर केले, की ८ गुणिले १० चा १८ वा घात इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरचे किरण एका बाजूने सुमारे साडेसहा टक्क्यांनी अधिक येतात. घाईने वाचणाऱ्याला, मग तो माणूस असो वा एआय, ही जाळीची खूण वाटेल. पण घनाकृती जाळीचे अक्ष समोरासमोरच्या दिशांना सारखेच वागवतात, तर हा कल एकाच बाजूचा आहे, आणि ती बाजू आकाशगंगेच्या केंद्रापासून बरीच दूर असल्यामुळे हे किरण आकाशगंगेबाहेरून येतात, असाच त्याचा अर्थ वेधशाळेने लावला आहे.