‘एकदा प्रार्थना म्हटली की तारण पक्कं’ हे खरं आहे का?

ख्रिस्ती सभेत हात वर केला, पुढाऱ्यामागून पापकबुलीची चार वाक्यं म्हटली, की तारण (पापापासून सुटका) झालं. पुढे कसंही वागा. हा समज बराच पसरलेला आहे आणि आधार म्हणून बायबलमधलं पौलाचं इफिसकरांस पत्र २:८-९ दाखवलं जातं: तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही. पण दहावं वचन वाचायचं राहून जातं. त्यात म्हटलंय, आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालो आहोत.

बायबलमधल्याच आपल्या पत्रात याकोब मात्र म्हणतो, कर्मांशिवाय विश्वास निर्जीव आहे. मग याकोब पौलाला खोडतो का? दोघंही अब्राहामाचंच उदाहरण देतात, पण प्रसंग वेगळे. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल उत्पत्ती (बायबलचं पहिलं पुस्तक) १५ धरतो: अब्राहामानं वचनावर विश्वास ठेवला आणि तो नीतिमान ठरला. याकोब तेच वाक्य देतो, पण उत्पत्ती २२ मधल्या त्याच्या मुलाच्या, इसहाकाच्या अर्पणाशी जोडून, म्हणजे बऱ्याच वर्षांनंतरच्या घटनेशी. पौल तारणाचं मूळ सांगतो, याकोब त्याची खूण.

नुसतं ‘देव एक आहे’ हे मान्य करणं पुरत नाही. याकोब २:१९ म्हणतं, भुतंही तेवढं मानतात आणि थरथर कापतात. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रोटेस्टंट शिकवणीच्या एका पुस्तकात (प्रश्न २१), खऱ्या विश्वासात खात्रीच्या ज्ञानासोबत मनापासूनचा भरवसाही धरला आहे.

‘केवळ विश्वासानं तारण’ म्हणणाऱ्या धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं १५२२ मध्ये याकोबाच्या पत्राला गवताचं (म्हणजे कमी मोलाचं) पत्र म्हटलं खरं, पण बायबलमधून काढलं नाही. शेवटच्या पुस्तकांत ढकललं, इतकंच.

प्रार्थनेत गैर काही नाही. मात्र तिची ठरावीक वाक्यं बायबलमध्ये कुठेही नाहीत.