मारियेनकिर्खे, ल्यूबेक

उत्तर जर्मनीतील ल्यूबेक शहराचे मुख्य चर्च. येशूची माता मेरी हिच्या नावाचे हे चर्च जुन्या शहराच्या सर्वांत उंच जागी, बाजारचौक आणि नगरभवनाला लागून उभे आहे. आज दिसणारी इमारत मुख्यतः 13व्या शतकाच्या मध्यापासून 14व्या शतकाच्या मध्यापर्यंत बांधली गेली. विटांच्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन, वास्तुशैलीचे हे मूळपीठ मानले जाते. मध्यवीथीचे, म्हणजे चर्चच्या मधल्या लांब दालनाचे, छत 38.5 मीटर उंच आहे, म्हणजे आजची बारा मजली इमारत आत सहज उभी राहील. विटांच्या कमानींवर तोललेले इतके उंच छत जगात दुसरीकडे नाही. ल्यूबेकचे जुने शहर 1987 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

हे बिशपचे चर्च नव्हे, ही गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. बिशपचे कॅथीड्रल शहराच्या दक्षिण टोकाला होते आणि त्याची पायाभरणी 1173 मध्ये सॅक्सनीचा ड्यूक हेन्री द लायन याने केली होती. मारियेनकिर्खे व्यापाऱ्यांचे आणि नगरपरिषदेचे. 1226 मध्ये ल्यूबेकला पवित्र रोमन सम्राटाकडून मुक्त शहराचा दर्जा मिळाला, म्हणजे ते थेट सम्राटाच्याच अधिकाराखाली आले. पुढे मीठ, मासळी, मेण आणि लोकरी कापड यांच्या व्यापारावर उभ्या राहिलेल्या हान्सा या उत्तर युरोपातील व्यापारी शहरांच्या संघाचे ते अग्रणी शहर झाले. हाती पैसा आला तसा आत्मविश्वासही आला. कॅथीड्रलहून उंच चर्च आपल्या बाजाराशेजारी उभे राहावे, ही ईर्षा या इमारतीच्या प्रत्येक मापात दिसते. शहराच्या सनदा आणि हक्कपत्रेही याच चर्चमधल्या ‘ट्रेझे’ नावाच्या एका बंदिस्त खोलीत ठेवली जात. देवघर आणि दफ्तर एकाच छताखाली होते.

आधी इथे लाकडी चर्च होते. त्यानंतर साधारण 1200 च्या सुमारास विटांचे रोमनेस्क, म्हणजे गॉथिकच्या आधीच्या गोल कमानींच्या शैलीचे, चर्च आले, आणि तेही व्यापाऱ्यांना पुरेनासे झाले. मग सर्व वीथी सारख्याच उंचीच्या असलेल्या दालनचर्चचा आराखडा सुरू झाला, पण बांधता बांधता तोही बदलला. उत्तर फ्रान्समधील कॅथीड्रलांसारखी रचना निवडली गेली: मध्यवीथी उंच, दोन्ही पार्श्ववीथी ठेंगण्या, वेदीच्या मागून फिरणारा प्रदक्षिणामार्ग आणि त्याला लागून छोटी उपासनागृहे. मध्यवीथीच्या भिंती बाहेर कलू नयेत म्हणून अर्ध्या कमानींचे टेकू दिलेले आहेत. पश्चिमेच्या दोन मनोऱ्यांचे काम 14व्या शतकाच्या आरंभी सुरू झाले आणि 1351 पर्यंत पुरे झाले. तांब्याने मढवलेल्या शिखरांसह त्यांची उंची सुमारे 125 मीटर भरते.

फ्रान्समध्ये हे सगळे दगडात घडले होते. ल्यूबेकच्या परिसरात घडीव कामाजोगा दगड मिळत नाही. हिमयुगातील हिमनद्यांनी मागे ठेवलेली चिकणमाती मात्र मुबलक होती, आणि पायासाठी ग्रॅनाइटचे गोटेही. तेव्हा माती मळून, लाकडी साच्यात घालून, भट्टीत भाजून विटा पाडल्या गेल्या. त्या आजच्या विटेपेक्षा बऱ्याच मोठ्या होत्या आणि चुन्यात बसवल्या गेल्या. विटेवर छिन्नी चालवून फुले-पाने, संत आणि राक्षस काढता येत नाहीत. त्यामुळे फ्रान्समधील रीम्स किंवा शार्त्रच्या कॅथीड्रलच्या दर्शनी भागावर मूर्तींची जी दाटी दिसते, ती इथे नाही. मोठमोठे सपाट पृष्ठभाग, उंच निमुळत्या खिडक्या, साचेबंद विटांच्या कडा आणि त्यांतून सरळ वर चढत जाणाऱ्या रेषा, एवढ्यावरच सारे भागवले आहे. मला ही उणीव वाटत नाही. अडचणीतून आलेला हा साधेपणाच पुढे विस्मार, श्ट्रालझुंड आणि रोस्टॉकच्या गवंड्यांनी हौसेने उचलला. बाल्टिक किनाऱ्यावरील सुमारे 70 चर्चांच्या बांधणीवर मारियेनकिर्खेची छाप असल्याचे सांगतात.

लोकांनी या चर्चभोवती कथाही रचल्या. बांधकाम सुरू असताना इथे दारूचा गुत्ता होतो आहे असे सैतानाला वाटले, म्हणून तोही विटा-दगड वाहू लागला. भिंती वर गेल्यावर फसवणूक उमगली आणि सगळे पाडून टाकायला त्याने भलामोठा दगड उचलला. शेजारीच गुत्ता बांधून देण्याचे वचन मिळाल्यावर तो शांत झाला. नगरभवनाच्या तळघरात मद्यगृह खरोखरच निघाले. तो दगड चर्चच्या भिंतीलगत दाखवला जातो. आत, प्रदक्षिणामार्गावरील येशूच्या शेवटच्या भोजनाच्या शिल्पपटात खालच्या बाजूला एक इवलासा उंदीर आहे. चर्चच्या भिंतीलगतचे गुलाबाचे झाड फुलते आहे तोवर शहर स्वतंत्र राहील, अशी समजूत होती. एका उंदरिणीने त्याची मुळे कुरतडली आणि शहर डेन्मार्कच्या ताब्यात गेले, अशी आख्यायिका आहे. नशीब उजळावे म्हणून लोक बोट लावून जातात, त्यामुळे बाकीचा दगड फिकट असताना तो उंदीर तेवढा काळा तुळतुळीत झाला आहे.

1531 मध्ये ल्यूबेकने धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचा पंथ स्वीकारला आणि चर्च प्रॉटेस्टंट झाले. पुढच्या काळातले त्याचे मोठे वैभव संगीताचे. डीट्रिख बुक्स्टहूड 1668 ते 1707 इथे ऑर्गनवादक होता, आणि चर्चचा हिशेब व व्यवस्थाही तोच पाहत असे. नाताळाआधीच्या आठवड्यांत रविवारी सायंकाळी होणाऱ्या त्याच्या संगीतसभा दूरवर गाजल्या. उपासनेबाहेरच्या या सभांचा खर्च मुख्यतः व्यापारी देत. 1705 मध्ये वीस वर्षांचा संगीतकार योहान सेबास्टिअन बाख हे संगीत ऐकायला, तो जिथे ऑर्गनवादक होता त्या आर्नश्टाट गावाहून, 400 किलोमीटरपेक्षा जास्त अंतर पायी चालत आला. रजा चार आठवड्यांची होती. तो परतला मात्र जवळजवळ चार महिन्यांनी, आणि वरिष्ठांनी त्याला जाब विचारला.

28 मार्च 1942 च्या रात्री, पाम संडेच्या (ईस्टरआधीच्या रविवारच्या) आदल्या रात्री, ब्रिटिश विमानांनी ल्यूबेकवर बाँब टाकले. लाकडी छप्पर आणि शिखरे पेटली. बुक्स्टहूड आणि बाख यांच्या काळातील ऑर्गन, 16व्या शतकातील खगोलीय घड्याळ, आणि चित्रकार बेर्न्ट नोट्केच्या 1463 मधील ‘मृत्यूचे नृत्य’ या चित्रपट्टाची 1701 मध्ये केलेली प्रतिकृती, हे सारे जळाले. याच शहरात जन्मलेला लेखक थोमास मान तेव्हा निर्वासित होता. जर्मन श्रोत्यांसाठीच्या रेडिओ भाषणात त्याने या बातमीबरोबरच जर्मन बाँबनी उद्ध्वस्त केलेल्या कॉव्हेंट्रीची आठवण काढली.

त्या रात्री दक्षिण मनोऱ्यातील दोन घंटा वरून कोसळल्या. त्या हलवलेल्या नाहीत. मनोऱ्याच्या तळाशी, जाळीच्या दाराआड, जिथे पडल्या तिथेच आहेत. जाड ओतीव धातूच्या कडा फाटल्या आहेत, एक मोठा तुकडा बाजूला कलंडला आहे आणि खालची फरशी खचली आहे. युद्धस्मारके पुष्कळ असतात, पण बहुतेक नंतर घडवलेली. हे कोणी घडवलेले नाही.

1947 पासून पुनर्बांधणी सुरू झाली आणि सुमारे बारा वर्षे चालली. छपराच्या लाकडी सांगाड्याच्या जागी काँक्रीट आले. दरम्यान आगीने एक अनपेक्षित गोष्ट उघडी केली होती. चुन्याचे थर गळून पडले आणि त्यांखाली मध्ययुगीन भित्तिचित्रे दिसली. त्यांच्या जतनाचे काम डीट्रिख फाय आणि त्याचा सहकारी लोथार माल्स्काट यांना मिळाले. चर्चच्या 700व्या वर्षानिमित्त 1951 मध्ये झालेल्या समारंभाला पश्चिम जर्मनीचे चान्सेलर आडेनाउअर हजर होते आणि चित्रांवर टपाल तिकिटेही निघाली. पुढच्या वर्षी माल्स्काटने स्वतःच जाहीर केले की वेदीकडच्या भागातील चित्रे आपणच काढली आहेत. जुनी म्हणण्याजोगी तिथे फारशी उरलीच नव्हती. तज्ज्ञांचा आधी विश्वास बसेना, पण खटला चालला आणि 1955 मध्ये दोघांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. मध्यवीथीतील चित्रे मुळात अस्सल, जरी त्यांवर नवा हात फिरलेला असला, म्हणून ती ठेवली गेली. वेदीकडची धुऊन काढण्यात आली.