स्टोअरमधली लाल वही

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी वर्षभर स्टोअरला होतो. कॉम्प्युटरवर ६२०५ नंबरचे बेअरिंग चाळीस, रॅकवर मोजले तर एकतीस. चोरीबिरी काही नव्हती. रात्रपाळीचा फोरमन नग उचलून न्यायचा आणि माल नेल्याची चिठ्ठी, म्हणजे इश्यू स्लिप, सकाळी यायची, कधी आठवड्याने. दांडिया बाजारातून सायकलवर येणारे आमच्या स्टोअरमधले भाऊ खरा आकडा लाल वहीत ठेवायचे. साहेबांच्या टेबलावर रिपोर्ट जायचा तो चाळीसचाच.

एमआयएसचा, म्हणजे व्यवस्थापकांना माहिती पुरवणाऱ्या संगणकी यंत्रणांचा, इतिहास चाळताना ही लाल वही मला सारखी भेटत राहते.

खरं तर सुरुवात उत्तम झाली होती. चहाची दुकानं चालवणाऱ्या लंडनच्या लायन्स कंपनीने १९५१ मध्ये लिओ नावाच्या संगणकावर बेकरीच्या मालाचा हिशेब लावला. संगणक त्यांनी घरीच बांधलेला! पण माझ्या मते यश यंत्राचं नव्हतं. कुठला कागद कुठून निघतो आणि कोणाला लागतो, याचा अभ्यास त्या कंपनीत वीस वर्षं आधीपासून चालू होता.

पुढच्यांनी यंत्र घेतलं, अभ्यास सोडला. १९६७ मध्ये व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक रसेल अॅकॉफ यांनी लिहिलं की व्यवस्थापकाला माहितीच्या तुटवड्यापेक्षा नको त्या माहितीचा सुकाळ जास्त नडतो. १९७२ मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक जॉन डिअर्डन यांनी सगळ्या कंपनीची मिळून एकच एमआयएस ही कल्पनाच मृगजळ ठरवली. तरी प्रकल्प निघतच राहिले. स्टँडिश ग्रुप या अमेरिकी संस्थेच्या १९९४ च्या पाहणीत वेळेत आणि बजेटात पुरे झालेले सॉफ्टवेअर प्रकल्प होते १६.२ टक्के, मध्येच गुंडाळलेले ३१.१. त्यांच्या मोजणीवर पुष्कळ वाद झाले. पण यशाच्या कारणांत त्यांनी पहिला नंबर दिला तो वापरणाऱ्यांच्या सहभागाला, आणि त्यावर भाऊ तरी वाद घालणार नाहीत.

दुसरं दुखणं शब्दांचं. आमच्याकडे ‘डिस्पॅच’ म्हणजे स्टोअरला गेटपास, अकाउंट्सला बिल, सेल्सला गाडीत भरलेला माल. तिघांचे महिन्याचे आकडे तीन, आणि तिन्ही बरोबर. बडोद्याला हे दुखणं नवं नाही. मराठी, गुजराती, फारसी, इंग्रजी अशी सरमिसळ असलेल्या राज्यकारभारातले शब्द अनेक भाषांत शेजारी शेजारी मांडणारा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ सयाजीरावांच्या राज्यात १९३१ मध्ये निघाला. आमच्या कंपनीने सॉफ्टवेअरवाल्यांना बोलावण्याआधी असा दोन पानांचा कोश केला असता, तर निम्म्या मीटिंगा वाचल्या असत्या.

शेवटी कॉम्प्युटरचं टर्मिनल स्टोअरच्या खिडकीत आलं. फोरमन स्वतःच स्लिप टाकायला लागला, कारण त्याशिवाय त्याला पुढचा नग मिळेना. फरक एक-दोन नगांवर आला. लाल वही काही भाऊंनी बंद केली नाही. वर्षअखेरीच्या मोजणीला ऑडिटर आधी तीच मागायचे.