सेन्सरवाला गुडघा काय सांगतो आणि काय सांगत नाही: ऑपरेशन ठरवताना घरच्यांनी वाचावं असं

नमस्कार, आम्ही न्यू जर्सीत घरी येऊन फिजिओथेरपी देणारी छोटीशी टीम आहोत आणि आमचे बरेचसे पेशंट म्हणजे मुलांकडे राहायला आलेले आपले काका-काकूच असतात, म्हणून हे माहितीपत्रक मराठीतच काढलंय. हल्ली पहिल्याच फोनवर मुलगा किंवा सून विचारते की गुडघा बदलायचं ऑपरेशन रोबोटने करू का साधं, आणि तो सेन्सरवाला गुडघा बसवला तर रिकव्हरी लवकर होते का. दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, पण ते एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो, तो आधी सोडवूया.

सेन्सरने रिकव्हरी लवकर होत नाही. सेन्सर फक्त मोजतो. अमेरिकेत जो मिळतो तो पर्सोना आयक्यू, झिमर बायोमेट आणि कॅनरी मेडिकल या दोन कंपन्यांनी मिळून केलेला, त्याला ऑगस्ट २०२१ मध्ये एफडीएची, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेची, परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो पहिल्यांदा पेशंटला बसवला गेला, आपल्या शेजारीच, न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत. नवीन गुडघ्याचा खालचा भाग नडगीच्या हाडावर बसतो आणि त्याला खाली एक दांडी असते जी हाडाच्या आत जाते, त्या दांडीत बॅटरी आणि सेन्सर. मोबाईल आडवा केला की स्क्रीन फिरते ना, तशाच जातीचे सेन्सर आहेत हे. दिवसभरात किती पावलं टाकली, चालायचा वेग किती, पाऊल किती लांब पडतं, चालताना नडगी किती अंशात हलते, हे ते नोंदवतात आणि पेशंट झोपला की पलंगाजवळ ठेवलेलं बेस स्टेशन ती माहिती घेऊन पुढे पाठवतं. पेशंटला काही घालायचं नाही, चार्ज करायचं नाही, विसरायचा प्रश्न नाही. घड्याळ किंवा फोन काकू किचन ओट्यावर ठेवून देवपूजेला जातात आणि तेवढी पावलं हिशोबातून जातात, हे इथे होत नाही, आणि खरा फायदा तो आहे.

पण एक आकडा सगळ्यांना घाबरवतो. आमच्या एका काकूंच्या मुलाने रात्री साडेदहाला फोन केला, की फिजिओने दुपारी मोजलं तेव्हा गुडघा १०५ अंश वाकला आणि सेन्सरच्या ॲपमध्ये तर त्याच्या निम्म्याहून कमी दाखवतंय, काही सटकलं का आत? काही सटकलं नव्हतं. आम्ही कोनमापक लावून मोजतो ते काकू पलंगावर झोपून टाच ओढून घेतात तेव्हा गुडघा जास्तीत जास्त किती वाकतो ते, आणि सेन्सर मोजतो ते चालता चालता नडगी किती झुलते ते. सपाट जमिनीवर चालायला गुडघा पूर्ण वाकवावाच लागत नाही, साधारण ६० ते ७० अंश पुरतात. तेव्हा हे दोन आकडे शेजारी ठेवूच नका.

आता टेक्निकचं. गुडघा उघडायची नेहमीची पद्धत म्हणजे वाटीच्या आतल्या बाजूने मांडीच्या स्नायूला वाटीशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागात (टेंडनमध्ये) काप घेऊन वाटी बाजूला सारायची. दुसऱ्या एका पद्धतीत तो स्नायू न कापता खालून उचलून आत जातात. यात पाय सरळ ठेवून उचलणं थोडं आधी जमतं, पण तो फरक सुरुवातीच्या काळातला, पुढच्या महिन्यांत तो विरघळत जातो. रोबोटचं असं की सर्जनच ऑपरेशन करतो, रोबोट त्याला हाडाचा काप ठरलेल्या रेषेत ठेवायला मदत करतो आणि ते काम तो अचूक करतो यात वाद नाही. पण अचूक काप म्हणजे पेशंट जास्त खुश, असं सरळ निघत नाही. दक्षिण कोरियात हजाराहून जास्त पेशंटचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून कमीत कमी १० वर्षं मागोवा घेतला, २०२० मध्ये निकाल आला, आणि रोबोट आणि साधी पद्धत यांत दुखणं, हालचाल, गुडघा टिकणं कशातच फरक दिसला नाही. तो रोबोट जुन्या पिढीचा होता हे खरं, पण "रोबोट नाही तर दुसऱ्या दर्जाचं ऑपरेशन" असं मनात धरून कोणी झुरत बसू नये.

मग सेन्सर लावून सरळ बघता येईल ना की कोणत्या पद्धतीचा पेशंट लवकर चालायला लागला? हो, आणि रोज आपोआप मोजलं जातं म्हणून हे काम पूर्वीपेक्षा खूप चांगलं होऊ शकतं, कारण आधी आपण सहा आठवड्यांनी पेशंटला विचारायचो "कसं वाटतंय" आणि काका म्हणायचे "ठीक आहे", विषय संपला. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. अर्धा गुडघा, म्हणजे झिजलेला तेवढाच भाग बदलायची पद्धत, तिच्यात ती लांब दांडीच नसते, त्यामुळे हा सेन्सर तिथे बसतच नाही आणि अर्धा की पूर्ण या प्रश्नाला तो उत्तर देऊ शकत नाही. त्यासाठी ब्रिटनमधली ५२८ पेशंटची ट्रायल आहे, २०१९ मध्ये आली, ५ वर्षांनी अर्धा आणि पूर्ण या दोन्ही गटांचे दुखणं-चालणं यावरचे गुण जवळपास सारखे आणि अर्धा गुडघा खर्चाला कमी. अर्थात अर्धा सगळ्यांना चालतो असं नाही, झीज एकाच भागात असली आणि लिगामेंट, म्हणजे हाडांना एकत्र बांधणारे पट्टे, धड असले तरच.

दुसरं म्हणजे पावलांचा आलेख गुडघ्याचा आहे की आयुष्याचा हे आलेखावरून कळत नाही. आमच्या एका काकांचा आलेख पाचव्या आठवड्यात धाडकन खाली आला, घरच्यांना वाटलं इन्फेक्शन, आम्ही गेलो तर गुडघा छान, सूज उतरलेली, पण तो फेब्रुवारी होता, ड्राइव्हवेवर बर्फ गोठलेला आणि काका चार दिवस दाराबाहेरच पडले नव्हते. मग डायनिंग टेबलाभोवती चक्कर, दर जेवणानंतर दहा, असं ठरवलं आणि रेष परत वर आली. कोणी ५८ वर्षांचा, नोकरीवर परतायची घाई असलेला, कोणी ७६ वर्षांची, जिचा दुसरा गुडघाही दुखतोय, या दोघांची पावलं शेजारी ठेवून टेक्निक चांगलं की वाईट ठरवणं म्हणजे दोघांवरही अन्याय. एफडीएनेही स्पष्ट ठेवलंय की या आकड्यांवरून निदान करायचं नाही की उपचार ठरवायचे नाहीत. आमचं मत विचाराल तर आईच्या या आठवड्याची तुलना आईच्याच मागच्या आठवड्याशी करा, शेजारच्या शहा आंटींशी नको.

सेन्सरवाल्या गुडघ्यांमध्ये आम्ही सगळ्यात जास्त शिकलो ते मात्र दुसऱ्याच जातीच्या सेन्सरकडून. हे बाजारात नाहीत, संशोधनासाठी मोजक्या पेशंटना बसवले. पावलं नाही, गुडघ्यावर येणारा भार मोजतात. कॅलिफोर्नियात ला होयाला २००४ मध्ये असा पहिला बसवला आणि नंतर बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलच्या टीमने ५ पेशंटवर रोजच्या कामांचा भार मोजून २०१० मध्ये छापला. सपाट चालताना वजनाच्या साधारण २.६ पट, खुर्चीतून उठताना जवळपास २.५ पट, जिना चढताना ३.२ पट आणि उतरताना सगळ्यात जास्त, ३.५ पट. म्हणजे ७० किलोच्या काकू जिना उतरल्या की एकेका पावलाला गुडघ्यावर २४० किलोच्या आसपास. इथली घरं दुमजली, बेडरूम वर, कपड्यांचं मशीन बेसमेंटमध्ये, म्हणून आम्ही पहिल्या भेटीत गुडघ्याआधी तुमचा जिना बघतो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, एका हाताने कठडा, आणि काठी धरायची ती ऑपरेशनच्या विरुद्ध बाजूच्या हातात, हे शेवटचं निम्मे लोक उलटं करतात.

आणि टेक्निक कोणतंही असो, पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याहून जास्त उतरते. ती कोणताही रोबोट परत आणत नाही, ती खाटेवर पाय सरळ दाबून धरणं, पाय उचलणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं यातूनच येते, आणि ते दिवसातून तीन-चार वेळा लागतं. आम्ही आठवड्यातून दोनदाच येतो, बाकीचे पाच दिवस घरच्यांच्या हातात. दुखण्याची गोळी व्यायामाच्या आधी अर्धा-पाऊण तास, नंतर बर्फ, पाय उंच. आणि एक कळकळीची विनंती, गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू देऊ नका, बरं वाटतं हे कळतं आम्हाला पण गुडघा तसाच वाकडा राहायला शिकतो आणि मग सरळ करताना रडवतो. उशी टाचेखाली.

पोटरी एकदम दुखायला लागली किंवा फुगली, टाक्यांतून पाणी किंवा पू आला, ताप चढला, तर आमची वाट न बघता सर्जनच्या ऑफिसला लगेच फोन, आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ ९११.

पहिल्या भेटीला ऑपरेशनचा डिस्चार्ज पेपर, औषधांची यादी आणि हात असलेली एक भक्कम खुर्ची तयार ठेवा, सोफा नको, त्यातून उठता येत नाही. गालिचे गुंडाळून ठेवा. सेन्सरवाला गुडघा असेल तर बेस स्टेशन कुठे लावलंय तेही दाखवा, एका घरात ते दिवाणखान्यात होतं आणि काकू वरच्या मजल्यावर झोपत होत्या, तीन आठवड्यांचा आलेख कोराच होता.