पंप खडखडतोय: हवा धरलीय की पाणीच उकळतंय?

कळव्यातल्या आमच्या सोसायटीचा पंप खडखडायला लागला की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, "हवा धरली वाटतं." वॉचमन म्हणतो, सेक्रेटरी काका म्हणतात, प्लंबर तर पाना हातात घ्यायच्या आधीच म्हणतो. मी रबाळे एमआयडीसीत पंप मेंटेनन्सचं काम करतो, तिथेही बरेच ऑपरेटर असंच म्हणतात. खरं तर आवाज, कमी झालेलं पाणी, थरथरणारा गेज या सगळ्याच्या मागे दोन अगदी वेगळे आजार असू शकतात. एक म्हणजे हवा धरणं आणि दुसरा कॅव्हिटेशन. बाहेरून दोन्ही सारखे वाटतात, पण एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि या गल्लतीत चांगले इम्पेलर (पंपातलं फिरणारं पात्यांचं चाक) वाया गेलेले मी पाहिलेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पंप पाणी "खेचतो" असं आपण म्हणतो, पण पाण्याला खेचता येत नाही. इम्पेलर फिरला की त्याच्या मधल्या तोंडाशी, म्हणजे आयपाशी, प्रेशर कमी होतं आणि टाकीतल्या पाण्यावर बसलेलं वातावरण ते पाणी पाइपातून वर ढकलतं. ठाणे-नवी मुंबई म्हणजे समुद्रसपाटीच, तेव्हा वातावरणाची ही ताकद साधारण १०.३ मीटर पाण्याच्या उंचीएवढी. सक्शनकडे, म्हणजे पाणी आत येण्याच्या बाजूला, आपल्या हातात भांडवल एवढंच, यातूनच पाणी चढवायची उंची द्यायची, पाइप, बेंड आणि फुटव्हॉल्व्ह (पाइपाच्या टाकीतल्या टोकाची, पाणी परत उतरू न देणारी झडप) यांचं घर्षण द्यायचं, आणि तरीही आयपाशी काहीतरी शिल्लक राहिलं पाहिजे.

का राहिलं पाहिजे? कारण पाणी उकळायला ते गरमच व्हावं लागतं असं काही नाही. प्रेशर पुरेसं खाली गेलं की गार पाणीही उकळतं. ३० अंशाच्या पाण्यासाठी ही हद्द साधारण ०.४३ मीटर, त्याच्या खाली प्रेशर गेलं की इम्पेलरच्या तोंडाशी पाण्याची वाफ होऊन बुडबुडे तयार होतात. हेच बुडबुडे पात्यावरून जरा पुढे, जास्त प्रेशरच्या भागात गेले की आपोआप परत पाणी होतात, म्हणजे फुटत नाहीत तर आतल्या आत कोसळतात. कोसळताना पाण्याची बारीक धार पात्यावर आदळते, तिचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या आसपास जाऊ शकतो, आणि असे असंख्य मार रोज खाऊन ओतीव लोखंडाचं पातंसुद्धा पावासारखं सच्छिद्र होतं. याला म्हणतात कॅव्हिटेशन. हा त्रास पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात दिसला तो जहाजांच्या पंख्यांना. स्टीम टर्बाइनवाले चार्ल्स पार्सन्स यांची टर्बिनिया बोट १८९४ च्या चाचण्यांत याच कारणाने हवा तेवढा वेग घेईना. बुडबुडा कोसळताना किती प्रेशर तयार होतं याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडलं.

हवा धरणं याच्या अगदी उलट. तिथे बुडबुडा पाण्याचा नसतोच, तो बाहेरून आलेला पाहुणा. फ्लँजच्या फाटक्या गॅस्केटमधून, सैल ग्लँडमधून (फिरत्या दांड्याभोवती दोरी भरून केलेलं सील), आटे नीट न बसलेल्या जॉइंटमधून, नाहीतर टाकीत पातळी खाली गेल्यावर फुटव्हॉल्व्हच्या वर जो भोवरा पडतो त्यातून. आणि ही हवा प्रेशर वाढलं तरी पाणी होत नाही, फक्त आक्रसते. इम्पेलर पाण्याला बाहेर फेकतो कारण पाणी जड, हवा हलकी, म्हणून ती आयपाशीच जमत राहते, जमत जमत तोंड बुजवते आणि मग पंप नुसता फिरतो, पाणी सोडून देतो, म्हणजे पाणी देणंच बंद करतो. एखाद-दोन टक्के हवा साधा पंप सहन करतो, हेड, म्हणजे पाणी वर ढकलायची उंची, जरासं पडतं एवढंच, पण पाच-सहा टक्क्यांच्या पुढे बहुतेक पंपांची हालत खराब होते. इम्पेलरला मात्र खड्डे पडत नाहीत.

सगळा फरक या एका गोष्टीत आहे, वाफ परत पाणी होते आणि हवा होत नाही. बाकीच्या खुणा यातूनच निघतात.

आता आमच्याच सोसायटीचं सांगतो. सात मजली बिल्डिंग, जुना पंप तासाला साधारण १५ हजार लिटर द्यायचा, टाकी भरायला वेळ लागतो म्हणून तक्रारी, मग कमिटीने मोठा पंप घेतला आणि हेडसुद्धा "जास्त असलेलं बरं" म्हणून ४० मीटरचं घेतलं, खरी गरज तीसच्या आतली. सक्शन पाइप मात्र तोच, अडीच इंची, तीन बेंड, जुना फुटव्हॉल्व्ह. सुरू केल्यापासून आवाज, जणू आतून खडी वाहतेय. ज्याला बोलावलं त्याने हवा धरतोय म्हणून प्रायमिंग केलं, म्हणजे पंपात पाणी भरून हवा काढली, ग्लँडची दोरी बदलली, जॉइंटला एम-सील लावलं, तीन वेळा पैसे घेतले, आवाज तसाच. आठ महिन्यांनी पंप खोलला तर इम्पेलरच्या तोंडाशी पाती कुरतडल्यासारखी झालेली.

काय झालं होतं ते बघा. हेड गरजेपेक्षा जास्त घेतलं की पंपाला वर ढकलायला विरोध कमी मिळतो, मग तो आपल्या कर्व्हवर (किती हेडला किती पाणी मिळतं याचा कंपनीचा आलेख) उजवीकडे पळतो, म्हणजे ठरवल्यापेक्षा जास्त पाणी टाकतो. आमचा पंप तासाला २७ हजार लिटरच्या आसपास टाकत होता. अडीच इंची पाइपात वेग सेकंदाला सव्वा मीटरवरून सव्वादोन मीटरवर गेला आणि घर्षण वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे जवळपास सव्वातीन पट झालं. हिशेब असा, १०.३ मधून वाफेचे ०.४ गेले, टाकी खाली गेल्यावर चढाईचे ४ मीटर गेले, घर्षणाचे दीड मीटर धरा, उरले ४.४ मीटर. याला म्हणतात उपलब्ध एनपीएसएच, म्हणजे नेट पॉझिटिव्ह सक्शन हेड. आणि पंपाला लागणारा एनपीएसएच कंपनीच्या कर्व्हवर असतो, तोही पाणी वाढेल तसा वाढतो, आमच्या पंपाला त्या टोकाला ५ च्या वर लागत होता. जमा कमी, खर्च जास्त.

इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते आणि ती मला महत्त्वाची वाटते. कर्व्हवरचा लागणारा एनपीएसएच हा "याच्यावर कॅव्हिटेशन होणार नाही" असा आकडा नाही. कॅव्हिटेशनमुळे पंपाचं हेड ३ टक्के पडलं की तो बिंदू नोंदवतात, म्हणजे त्या आकड्यावर बुडबुडे आधीच तयार होत असतात. म्हणून उपलब्ध आकडा त्याच्यापेक्षा निदान अर्धा-एक मीटर वर हवाच, गरम पाणी असेल तर अजून जास्त. गरम पाण्याचं तर काय सांगू, ९५ अंशाच्या कंडेन्सेटला (वाफ थंड होऊन झालेल्या पाण्याला) वाफेचाच हिस्सा जवळपास ९ मीटर जातो, हातात दोन मीटरसुद्धा उरत नाहीत. कारखान्यांत बॉयलरची फीड टाकी उंच स्टँडवर ठेवतात ती याचसाठी, जागा वाचवायला नाही.

मग ओळखायचं कसं? मी पहिल्यांदा डिलिव्हरी व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाण्याच्या बाजूचा, हळूहळू आवळतो. पाणी २० टक्के कमी केलं की सक्शनचं घर्षण ६४ टक्क्यांवर येतं आणि लागणारा एनपीएसएचही उतरतो, त्यामुळे कॅव्हिटेशन असेल तर खडीचा आवाज विरत जातो. आमच्या पंपावर सात-आठ आटे आवळले आणि आवाज गेला, काका बघतच राहिले. हवा असेल तर उलटं होतं, पाणी कमी केलं की आयपाशी जमलेली हवा वाहून जायला जोर उरत नाही आणि पंप लवकर पाणी सोडतो. फक्त एक कळकळीने सांगतो, आवळायचा तो डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह, सक्शनचा कधीच नाही. सक्शनचा आवळणं म्हणजे स्वतःच्या हाताने कॅव्हिटेशन तयार करणं.

दुसरी खूण पाण्यात दिसते. डिलिव्हरी लाइनवर छोटा नळ असेल तर त्याला पारदर्शक नळी लावा, नळीचं टोक बाटलीच्या तळाशी बुडवून पाणी भरा, म्हणजे वरून पडताना हवा मिसळणार नाही. पाणी दुधासारखं आलं आणि मग तळाकडून वर वर स्वच्छ होत गेलं, तर आत हवा जातेय. कॅव्हिटेशनमध्ये वाफेचे बुडबुडे पंपातच पाणी होतात, त्यामुळे बाटलीत पाणी स्वच्छच, फार तर विरघळलेली हवा सुटून किंचित धूसर.

तिसरी म्हणजे सक्शनवरचा व्हॅक्यूम गेज, जो सोसायटीत कोणी बसवतच नाही आणि बसवायला हवा, महाग नसतो. ४ मीटर चढाई म्हणजे साधारण २९५ मिलिमीटर पारा, त्यावर घर्षणाचे शंभर-सव्वाशे. काटा ५०० च्या पुढे जाऊन स्थिर बसलाय तर वाटेत काहीतरी चोंदलंय, कॅव्हिटेशनकडे बघा. काटा नाचतोय आणि नेहमीपेक्षा खाली येतोय तर हवा. अँपिअर दोन्हीत डगमगतात, पण हवेत जास्त पडतात, कारण इम्पेलरकडे ढकलायला पाणीच कमी उरतं. आणि पंप बंद करून परत चालू केला की कॅव्हिटेशनवाला लगेच पाणी देतो, आवाजासकट, हवा धरलेला प्रायमिंगशिवाय बऱ्याचदा देतच नाही.

हवा कुठून येते ते शोधायला मी अगरबत्ती वापरतो. पंप चालू ठेवून ग्लँडजवळ, प्रत्येक जॉइंटजवळ धरायची, जिथे धूर आत ओढला जातो ती जागा. मोटरच्या पंख्याचा वारा मात्र पुठ्ठा धरून अडवा. साबणाचा फेस लावला तरी चालतो, तो गळतीत ओढला जातो.

आम्ही शेवटी सक्शन चार इंची केला, तीनचा एकच बेंड ठेवला, पंपाच्या तोंडाशी एक्सेंट्रिक रिड्यूसर (मोठा पाइप लहान तोंडाला जोडणारा, एका बाजूने सपाट तुकडा) सपाट बाजू वर ठेवून लावला. ही सपाट बाजू वर का, तर आडव्या पाइपात वरच्या कोपऱ्यात हवेचा फुगा बसायला जागाच राहू नये म्हणून, उलटा लावलेला रिड्यूसर मी नवीन इमारतींतही पाहिलाय. इम्पेलर लेथवर थोडा टर्न करून, म्हणजे व्यास कमी करून, हेड गरजेएवढं आणलं. आवाज संपला.

आणि पुढच्या मे महिन्यात परत खडखड! यावेळी सगळेच म्हणाले कॅव्हिटेशन, कारण शब्द आता सगळ्यांना पाठ. व्हॉल्व्ह आवळला तर आवाज गेला नाही, पंपानेच पाणी सोडलं, बाटलीत दूध. आदल्या दिवशी पाण्याचा शटडाऊन होता, खालच्या टाकीत पातळी फुटव्हॉल्व्हच्या वर जेमतेम वीतभर, भोवरा डोळ्यांना दिसत होता. आमच्या पाइपाच्या मापाला आणि वेगाला निदान ३२ सेंटीमीटर पाणी वर लागतं. लो-लेव्हलचा फ्लोट वर सरकवला, खर्च जवळपास शून्य.

व्हॉल्व्हमध्ये ही गल्लत कमी होते, कारण तिथे दोन्ही बाजूंना प्रेशर असतं, हवा आत शिरायला वाव नाही. अर्धवट उघड्या व्हॉल्व्हच्या सीटपाशी वेग वाढून प्रेशर पडतं, बुडबुडे होतात आणि पुढे कोसळतात, म्हणून मार बहुतेक सीटच्या पुढच्या भागाला. टर्बाइनमध्ये कमी प्रेशरची जागा बाहेर पडणाऱ्या तोंडाशी असते, पंपाच्या बरोबर उलट. आपल्या जिल्ह्याच्या हद्दीवर शहापूरकडचा घाटघर प्रकल्प आहे, १२५ मेगावॅटची दोन यंत्रं, दिवसा टर्बाइन म्हणून चालतात आणि विजेची मागणी कमी असताना तीच पंप होतात. असली यंत्रं खालच्या जलाशयाच्या पातळीच्याही बरीच खाली बसवतात, पंप म्हणून चालताना एनपीएसएच मिळावा म्हणून. फ्रान्सिस टर्बाइनमध्ये तर काही वेळा मुद्दाम थोडी हवा सोडतात, ती पाण्यातले धक्के मऊ करते.

हीच मऊ करणारी हवा घरच्या पंपात फसवते, आणि दोन्ही आजार एकत्र होतात ते इथेच. पावसाळ्यात फुटव्हॉल्व्हची जाळी गाळाने चोंदते, व्हॅक्यूम वाढतो, कॅव्हिटेशन सुरू होतं. वाढलेल्या व्हॅक्यूममुळे आजवर न गळणारी ग्लँड हवा ओढायला लागते, ती हवा कोसळणाऱ्या बुडबुड्यांना गादीसारखी होते आणि आवाज आपोआप कमी होतो. वॉचमन सांगतो पंप सुधारला, आणि वरची टाकी भरायला एकाऐवजी दोन तास लागतात. अशा वेळी ग्लँड आधी आवळली तर हवा थांबते आणि खडी परत वाजायला लागते, मग वाटतं ग्लँड आवळूनच बिघडलं. म्हणून आधी फुटव्हॉल्व्ह वर काढून जाळी धुवा, गेज नेहमीच्या आकड्यावर आलाय का बघा, आणि त्यानंतरच ग्लँडला हात लावा.