सह्याद्रीतल्या पायवाटा: नियम आयोजकाला, वाट वाऱ्यावर

हरिश्चंद्रगडावर पाचनईहून चढलं की आपण अहिल्यानगर जिल्ह्यात असतो. खिरेश्वरहून टोलार खिंडीने गेलं की पुणे जिल्ह्यात, आणि बेलपाड्याहून नळीच्या वाटेने गेलं की ठाणे जिल्ह्यात. पावसाळ्यात एखाद्या जिल्हाधिकाऱ्याने गड, धबधबे बंद केले तर तो हुकूम त्याच्या हद्दीपुरता चालतो. माथ्यावर मात्र कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे आणि तिथे शब्द वनखात्याचा. एका गडाला इतके धनी असल्यावर वाट नेमकी कोणाच्या अखत्यारीत येते, याचं एका ओळीत उत्तर देता येत नाही.

नाणेघाट, सातवाहन, जकातीचा रांजण ही घाटवाटांवरच्या व्यापाराची कथा वाचकांना पाठ आहे, ती इथे उगाळत नाही. बोरघाटातून १८३० मध्ये गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये रेल्वे वर चढली, आणि व्यापार पायीच्या घाटवाटांवरून उतरला. उरले गुराखी, बाजाराला जाणारे आणि कोकणात-देशावर सोयरिकी असलेली गावं. सरकारच्या दृष्टीने या वाटांचं मोल तिथेच संपलं.

पुढे त्या वाटा कायद्यात आल्या त्या अडथळा म्हणून. भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम २५ सांगतं, की राखीव वनातली कोणतीही सार्वजनिक वा खासगी वाट राज्य सरकारच्या पूर्वमंजुरीने वनाधिकारी बंद करू शकतो. बऱ्यापैकी सोयीची दुसरी वाट उपलब्ध हवी, एवढीच अट. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २७ नुसार परवानगीशिवाय अभयारण्यात शिरता येत नाही. ज्यांना सूट आहे त्यांच्यात सार्वजनिक हमरस्त्याने पलीकडे जाणारा माणूस आहे. डांबरी रस्त्याला ही मुभा आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरातल्या पायवाटेला नाही, हे आजच्या बहुतेक तंट्यांचं मूळ आहे. भीमाशंकर आणि कोयना १९८५ मध्ये अभयारण्यं झाली, कळसूबाई-हरिश्चंद्रगड १९८६ मध्ये. कोयना अभयारण्यातल्या वासोटा किल्ल्यावर जायचं तर बामणोलीहून लाँचने जलाशय ओलांडायचा, वनखात्याची परवानगी काढायची आणि दिवस मावळायच्या आत परतायचं, ही शिस्त त्यातूनच आली.

महसूल खात्याची तऱ्हा वेगळी. गावनकाशावर पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवतात, गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी. शेताची वाट कोणी अडवली तर तहसीलदाराकडे जाता येतं. त्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, शिवाय जमीन महसूल संहितेचं कलम १४३. शेतकऱ्याच्या वाटेला असा वाली आहे. त्याच रेषेवरून रविवारी गडावर जाणारा मुंबईकर या कायद्यांना ठाऊकच नाही. तिसरा वाटेकरी पुरातत्त्व. केंद्राचा कायदा १९५८ चा, राज्याचा १९६० चा, आणि दोन्हींचं लक्ष मुख्यतः तटबंदीच्या आत.

हे सगळं दशकानुदशके सुरळीत चाललं, कारण माणसंच कमी होती. शहरांतल्या गिर्यारोहण मंडळांनी वाटा शोधल्या, टिपणं ठेवली, नवख्यांना घडवलं. सरकार त्यात नव्हतं आणि कोणाला हवंही नव्हतं.

चित्र पालटलं एका याचिकेने. साहसी सहलीत मुलगा गमावलेल्या पालकांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. अशा उपक्रमांवर देखरेख कोणाची, हा त्यांचा प्रश्न होता आणि सरकारकडे उत्तर नव्हतं. म्हणून २०१४ मध्ये क्रीडा खात्याने शासन निर्णय काढला. गिर्यारोहकांनी तो अव्यवहार्य ठरवला, आणि जुलै २०१८ मध्ये नवा निर्णय आला. वादाचा खरा भडका तेव्हा उडाला.

नोंदणी, प्रशिक्षित प्रमुख, सुरक्षेची साधनं, प्रथमोपचार या निर्णयातल्या मागण्यांना तत्त्वतः कोणाचा विरोध नव्हता. आक्षेप होता सगळ्यांना एकाच मापाने मोजण्याला. खर्च वाटून घेऊन वीस जणांना राजमाचीला नेणारं मंडळ आणि दर शनिवारी बसगाड्या भरून माणसं नेणारा व्यावसायिक, दोघांपुढे तीच कागदपत्रं. हिमालयातली मोहीम आणि लोहगडाची सकाळची चढाई एकाच यादीत. नियम लिहिताना डोंगरात वावरणाऱ्यांना पुरेसं विचारलं नाही, ही तक्रारही होती. ती रास्त वाटते. कागदांचा खर्च पेलणं व्यावसायिकालाच परवडतं. घर आणि नोकरी सांभाळून मंडळ चालवणारा अशा वेळी दुकान बंद करतो. पण पालकांची बाजू हलकी ठरवता येणार नाही. ज्याच्या हाती मूल सोपवलं त्याला दोर बांधता येतो का, जखम झाली तर तो काय करेल, हे विचारायचा हक्क त्यांना असायलाच हवा. ‘आम्ही इतकी वर्षं करतोय’ हे त्यावरचं उत्तर नव्हे, आणि काही जुन्या मंडळींनी नेमकं तेच दिलं.

या भांडणात दोन्ही बाजू बोलत होत्या आयोजकाबद्दल. वाटेबद्दल कोणीच नाही. कोणत्या वाटेवर एका दिवशी किती माणसं सोडायची, सुटलेला दगड, सडलेली शिडी कोणी तपासायची, दिशादर्शक कोणी लावायचा, मदत कुठून किती वेळात पोहोचेल, यातलं काहीही वादाच्या केंद्रात आलं नाही. नोंदणी आयोजकाची, त्यामुळे आपापल्या गाडीने आलेले चार मित्र नियमाबाहेरच राहिले.

ऑगस्ट २०२१ मध्ये विषय पर्यटन खात्याकडे गेला. साहसी पर्यटनाच्या नव्या धोरणात जमीन, पाणी आणि हवा यांतले उपक्रम एकत्र आले आणि नोंदणी तात्पुरती व अंतिम अशी दोन टप्प्यांची झाली. आधीच्यापेक्षा हा मसुदा नेटका आहे. पण खातं बदललं तसा डोंगरात जाणारा खेळाडूचा ग्राहक झाला, आणि मंडळांचा जुना सल तसाच राहिला.

वाटेचा कारभार दरम्यान हुकमांवर चालू आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि पाठोपाठ पुणे जिल्ह्यात निर्बंध आले. असे हुकूम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. तातडीच्या धोक्यासाठीचं हे कलम, हुकमाचं आयुष्य साधारण दोन महिने. म्हणून दर पावसाळ्यात तो नव्याने काढावा लागतो, आणि मधल्या दहा महिन्यांत वाटेवर एक दगडही हलत नाही.

दक्षिणेतल्या दोन राज्यांनी वेगळी दिशा धरली, तीही काहीतरी घडून गेल्यावरच. तामिळनाडूत ११ मार्च २०१८ रोजी तेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या वणव्यात पदभ्रमण करणारे सापडले. त्याच वर्षी तिथे नियम झाले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने ४० वाटा अवघडपणाप्रमाणे वर्गवारी करून, स्थानिक वाटाड्यांसह ऑनलाइन नोंदणीसाठी खुल्या केल्या. कर्नाटकात जानेवारी २०२४ मध्ये कुमारपर्वत या शिखरावर झुंबड उडाली आणि तिथेही गाडी ऑनलाइन तिकिटावर आली. दोन्हीकडे आधी वाट मोजली, मग माणूस. आपल्याकडे अनेक ठिकाणी पायथ्याच्या गावातली वन समिती पावती फाडते, तेवढाच काय तो वाटेचा हिशेब. ते पैसे गावात राहतात, हे मात्र चांगलंच आहे.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. ११ महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्य पुरातत्त्वाकडे, बाकीचे केंद्राकडे. राजगडावरच्या मुक्कामाला पुरातत्त्व खात्याने त्याआधीच बंदी केली होती, म्हणजे गर्दी आता एका दिवसात वर जाऊन खाली यायला बघते. राजगडाची गुंजवणे गावातून येणारी चोरदरवाजाची वाट अरुंद आहे, पाली दरवाजाची त्या मानाने प्रशस्त. चढणाऱ्यांनी एकीने जावं आणि उतरणाऱ्यांनी दुसरीने, असं ठरवायचं म्हटलं तर तो हुकूम पुरातत्त्वाने काढायचा, वनखात्याने, तहसीलदाराने की पर्यटन खात्याने, हे अजून कुठेच लिहिलेलं नाही.